पाय वाजतोय

"मामा, पाय वाजतोय तुझा!" भाचा ओरडला तेव्हा मी खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो आणि माझे दोन्ही पाय माझ्याच वजनाखाली मुंग्या येऊन गप्प पडले होते. वाजत होता तो खेळातला पाय. व्हॅलोरंट नावाच्या या खेळात पाच जण इकडं, पाच जण तिकडं, आणि सगळ्यांच्या हातात बंदुका. पळालं की पाय वाजतो, समोरच्याला कळतं आणि तो कोपऱ्याला नेम धरून थांबतो. शिफ्टचं बटण दाबून ठेवलं तर मात्र मांजराच्या पावलानं चालता येतं.

"शिफ्ट दाबून चाल की जरा!"

आता हे मला कसं जमावं? मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमच्याकडं पाय वाजावा म्हणून पैसे मोजतात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गेल्या दिवाळीला चप्पल लाईनीत अख्खी दुपार घालवून कापशी नावाचं कोल्हापुरी पायताण घेतलं. मऊ आहे का विचारलं नाही, टिकेल किती विचारलं नाही. जोड पायात घातला, दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत मान तिरकी करून चालत गेले आणि म्हणाले, "डावा कमी वाजतोय." कारागिरानं डावा पुन्हा हातात घेतला. ती करकर चामड्यात आपोआप येत नाही, मुद्दाम बसवून घ्यावी लागते, आणि आबांनी तिचे वेगळे पैसे दिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आले. पुढं २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसल्याच चपला पोरांच्या पायात घालून मिरवल्या आणि आमचं नाव का घेतलं नाही म्हणून सगळं गाव पेटलं. आबांनी त्या मिरवण्याचा व्हिडिओ मोबाईल कानाला लावून दोनदा ऐकला. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"वाजत न्हाई की हे."

अशा घरातला मी. खेळात दबकत चालायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायचं. आणि दुसऱ्याचा पाय ऐकायचा, तर माझ्या कानात होते फोनबरोबर फुकट आलेले इअरफोन. त्यांतला एक बंद होता आणि दुसऱ्यात सगळे आवाज पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखे यायचे. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याच्यामुळं मला चौतिसाव्या वर्षी हा नाद लागला. त्यानं शेवटी स्पष्ट सांगितलं, "मामा, तुझा नेम वाईट आहे ते आहेच. पण तू मरतोस ते कानामुळं. चांगला हेडफोन घे."

चांगला म्हणजे चौदा हजारांचा. आमच्या घरात मोठा हिशेब रुपयांत होत नाही, मटणात होतो. चौदा हजार म्हणजे वीस किलो. ज्या गावानं २०१९ मध्ये मटणाच्या दरासाठी आंदोलन केलं, त्या गावात वीस किलो मटण कानाला लावून बसणं ही साधी गोष्ट नाही. बायको म्हणाली, "अहो, घ्या की. पण वीस किलोचा आवाज आला पाहिजे."

घेण्याआधी पंधरा दिवस अभ्यास केला. स्पर्धा परीक्षेला एवढा केला असता तर आज माझ्या गाडीवर दिवा असता. ब्लूटूथ नको, कारण बिनतारी आवाज थोडा उशिरा पोचतो. सेकंदाचा पाचवा-दहावा हिस्सा, पण तेवढ्यात गोळी लागून माणूस मेलेला असतो आणि मग त्याला आपल्या मरणाचा आवाज ऐकू येतो. तारेचाच घ्यायचा. मग खरा पेच पडतो तो बंद पाठीचा की उघड्या पाठीचा. बंद पाठीचा कानावर वाटीसारखा बसतो, आतलं आत, बाहेरचं बाहेर. उघड्या पाठीच्याला मागं चाळणी असते. जर्मनीच्या सेनहायझरनं १९६८ मध्ये असला उघडा हेडफोन पहिल्यांदा बाजारात आणला, पिवळ्या स्पंजाचा. यात आवाज डोक्यात कोंडत नाही, आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो, आणि कोण किती लांब आहे याचा अंदाज येतो. मात्र आतला आवाज बाहेर गळतो आणि बाहेरचा आत येतो.

भाचा म्हणाला, "मामा, एकत्र कुटुंबात उघडा घेऊ नको."

मी नेमका त्यासाठीच उघडा घेतला. आईची हाक ऐकू न येणं हा आमच्या घरात दखलपात्र गुन्हा आहे. आई एकदा हाक मारते, दुसऱ्यांदा मारते, तिसऱ्यांदा मारत नाही. ती स्वतः वर येते.

खोकं आलं. ते घरातल्या सगळ्यांनी एकेकदा हातात घेऊन वजन केलं आणि वीस किलो भरत नाही यावर एकमत झालं. मी आबांना समजावून सांगत होतो की यात सगळीकडून आवाज येतो, वरनं, खालनं, मागनं, आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, "कॉम्प्युटरमध्ये डॉल्बी पण चालू करता येतं याला."

आबांनी खोकं खाली ठेवलं. "घरात डॉल्बी?"

इथं थोडं थांबायला हवं. डॉल्बी म्हणजे काय हे जगाला एक माहीत आहे आणि कोल्हापूरला दुसरं. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन माणसानं १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती आवाज कमी करायला. टेपवर गाण्यामागं जी 'स्स्स' अशी खरखर यायची ती घालवायची युक्ती त्यानं शोधली. म्हणजे उभं आयुष्य नको असलेला आवाज पुसण्यात घालवलेला हा सज्जन, आणि त्याचं नाव आमच्याकडं कशाला पडलं, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरना, ज्यांच्यासमोर उभं राहिलं की शर्टाची बटणं हलतात आणि छातीत दुसरं काळीज ठोके द्यायला लागतं. विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर ती भिंत एकदा गेली की सोनारांच्या काचा थरथरतात. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. म्हणून दर गणपतीला पोलीस ही यंत्रणा जप्त करतात आणि मंडळांवर गुन्हे दाखल होतात. आबांच्या डोक्यात एवढं सगळं होतं.

"जप्त झाली की सोडवायला मी येणार न्हाई," म्हणाले.

डॉल्बीचं बटण मी चालू केलं नाही. पुढं कळलं की तेच बरोबर होतं, पण ते पुढं.

आधी जोडणी. हेडफोनची पिन निघाली अंगठ्याएवढी, तिला बारकं टोपण लावलं तेव्हा ती कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात बसली. कानाला लावला. पहिला आवाज ऐकला तो भुंग्याचा. हुंऽऽऽ असा एकसुरी, तानपुऱ्याची एकच तार लागून राहावी तसा. माऊस हलवला की त्यावर बारीक कुरकुर. माऊस थांबवला की कुरकुर थांबायची, भुंगा चालूच. जुन्या इअरफोनला हे कधीच ऐकू आलं नव्हतं. चांगल्या वस्तूची हीच पंचाईत असते, ती घरातलं सगळं बाहेर काढते.

भाच्यानं फोनवरून सांगितलं, पुढच्या भोकातनं काढ, मागच्यात घाल. पुढं येणारी वायर कॉम्प्युटरच्या पेटीतल्या सगळ्या यंत्रांच्या अंगाला घासून येते आणि त्यांची कुरकुर उचलून आणते. मागं घातली. कुरकुर गेली. भुंगा राहिला. पेटीच्या पत्र्याला बोट लावलं तर बारीक झिणझिण्या. मग मात्र गल्लीतल्या वायरमनला बोलावलं.

त्यानं टेस्टर लावला, बोर्ड उघडला, परड्यात जाऊन आला आणि विचारलं, "अर्थिंगला पाणी कधी घातलंयसा?"

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. अर्थिंगचा खड्डा परड्यात तुळशीकट्ट्याला लागून आहे, मीठ आणि कोळसा घालून पुरलेला. तो ओला असेल तरच गळकी वीज जमिनीत जाते. एप्रिल-मेच्या उन्हात माती भेगाळली की ती बिचारी जाणार कुठं? ती पेटीच्या पत्र्यावर फिरते आणि हेडफोनमध्ये येऊन गुणगुणते. वायरमननं दोन बादल्या पाणी ओतलं, मूठभर खडेमीठ टाकलं आणि मला वर पाठवलं. कानाला लावला. भुंगा मेला होता. एवढी शांतता मी शिवाजी पेठेत आजवर ऐकली नव्हती.

"रोज तांब्याभर घालत जावा," असं आईला सांगून तो गेला.

आईनं हे काम अंगावर घेतलं. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या शेजारच्या खड्ड्यात. चार दिवसांनी शेजारच्या काकींना ती सांगत होती, आणि उघड्या पाठीमुळं मला वर खेळता खेळता शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"हे तुळशीला. आणि हे आमच्या पोराच्या हेडफोनला. रोज घालतो मी."

"मुळं धरली काय?" काकींनी विचारलं.

भुंगा गेला तरी माझं मरण काही थांबेना. उलट आता आवाज एवढे यायला लागले की कुठला कुठून हेच कळेना. सगळे पाय एका विहिरीत पडल्यासारखे घुमायचे. यावर भाच्यानं एका रविवारी दूरवरून माझ्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला आणि कपाळाला हात लावला. मी विंडोजमधलं आजूबाजूच्या आवाजाचं बटण चालू केलं होतं. साउंड कार्डाबरोबर आलेल्या प्रोग्रॅममध्ये सात-एक नावाचं होतं तेही चालू केलं होतं. आणि खेळातलं स्वतःचं एक होतं, तेही. तीन सुनांनी एकमेकींना न विचारता आमटीत मीठ घातलं की जे होतं ते माझ्या कानात होत होतं.

त्यानं समजावलं ते मला पटलं. हेडफोनला काही केलं तरी बाजू दोनच. माणसालाही कान दोनच. तरी डावीकडनं म्हैस आली तर आपल्याला डावीकडंच कळते, कारण डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला क्षणभर उशिरा; हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तेवढ्यावर हिशेब मांडतो. आणि पुढचं-मागचं, वरचं-खालचं कळतं ते कानाच्या पाळीच्या घड्यांमुळं. आवाज त्या घड्यांत आपटून थोडा बदलून आत जातो, आणि आपापल्या घड्यांची सवय मेंदूला लहानपणापासून असते. खेळ बनवणारे हाच बदल गणितानं करून देतात. फक्त एकट्यानं करायचा असतो. मग खेळातलं एक ठेवलं, बाकी दोन बंद केली.

हे ऐकल्यावर मला आमच्या गल्लीतल्या वस्तादांची आठवण होणं साहजिक होतं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानात ज्यांनी कुस्त्या केल्या अशांपैकी ते एक. त्यांच्या कानाला घडी म्हणून राहिलेली नाही. मातीत घासून, आपटून दोन्ही कान मोडून गोळा झालेत, कणकेचे दोन उंडे डोक्याला चिकटवावेत तसे. पैलवानाचे ते प्रशस्तिपत्रच. खेळातलं गणित सर्वसाधारण कान धरून केलेलं असतं. वस्तादांचा कान कुठल्याच सरासरीत बसणारा नाही. मग त्यांना शत्रू कुठं ऐकू येईल? शास्त्रासाठी म्हणून मी त्यांना घरी चहाला बोलावलं.

हेडफोन त्यांच्या डोक्यावर पुरेना. पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ओढली तेव्हा कसाबसा बसला. मी खेळ सुरू करून दिला.

"वस्ताद, मागनं कोण येतंय का सांगा."

वस्ताद डोळे मिटून दोन मिनिटं बसले. मग हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवला.

"मागनं आलेला मला कधीच ऐकू आला न्हाई बघ. अंगाला हात लागला की मग कळतोय. पण तवर तो खाली असतोय."

चहा पिऊन गेले. माझं शास्त्र तिथंच राहिलं.

आता सगळं जागच्या जागी होतं. पाणी घातलं होतं, मीठ एकदाच पडलं होतं, घड्या असलेले दोन कान माझे मला होते. आणि तरीही अकरा दिवस मी आधीपेक्षा वाईट मरत राहिलो. पाय मला स्वच्छ ऐकू यायचे. दगडावरचा वेगळा, पत्र्यावरचा वेगळा. उजवीकडनं तीन पावलं आली की मी उजवीकडं वळून नेम धरायचो, आणि गोळी डावीकडनं लागायची. दर वेळी. भाच्याच्या सवंगड्यांनी माझं नाव 'शहीद मामा' ठेवलं. वीस किलो मटणाचा विचार रात्री झोपेत यायला लागला.

बाराव्या दिवशी आबा वर येऊन माझ्यामागं बसले. आबा एसटीत वाहक होते, सारी उमर कानावरच काढलेला माणूस. एक घंटी थांब, दोन घंट्या सोड, आणि मधे मागच्या बाकावर कोण बिनतिकिटाचं कुजबुजतंय तेही ऐकायचं. आजही स्टँडवर पाठ करून उभे राहिले तरी इंजिनाच्या आवाजावरून गाडी कुठल्या डेपोची ते सांगतात, आणि चुकले तर गाडीचीच चूक असते. त्यांचं तोंड माझ्या मानेपासून वीतभर लांब, आणि हेडफोनच्या दोन्ही चाळण्यांतून आवाज मोकळा गळत होता.

मी मेलो. आबा काही बोलले नाहीत. मी परत मेलो.

"ए," आबा म्हणाले, "गडी पडद्यावर डावीकडनं आला."

"व्हय."

"मग बंदूक तुझ्या उजव्या कानापाशी कशी वाजली?"

मी हेडफोन काढला. पट्टीच्या आतल्या बाजूला, इतकं बारीक की चौदा हजार देणाऱ्यानं बघू नये, एक इंग्रजी 'एल' होता. तो अकरा दिवस माझ्या उजव्या कानावर बसला होता.

"पायताणाला डावं-उजवं असतंय तसं ह्याला बी असणार की," आबा म्हणाले. "पायताण उलटं घातलं तर पाय बोंबलतोय. कान बोंबलत न्हाई, एवढाच फरक."

भाच्याला मी हे सांगितलं नाही. साउंड कार्डाचा ड्रायव्हर जुना होता असं सांगितलं. बायकोला सांगावं लागलं नाही, तिनं खालून ऐकलं होतं.

सरळ घातल्यावर सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. पण अकरा दिवसांत मेंदूनं उलट्याची सवय लावून घेतली होती. उजवीकडं पाय वाजला की हात आपोआप डावीकडं जायचा. ते सरळ व्हायला आणखी आठवडा गेला. तोवर जून उजाडला, पाऊस लागला, परडं चिखलानं भरलं. पहिल्या पावसात खिडकीतून बघितलं तर आई डोक्यावर इरलं घेऊन खड्ड्यात तांब्या ओतत होती.

"आई, अगं पाऊस पडायलाय की!"

"ते वरनं पडतंय. हे मी घालायलोय."

आणि मग एका रात्री तो क्षण आला. आमच्या बाजूचे चौघे मेलेले, मी एकटा, समोर त्यांचाही एकटाच. भाच्यासकट चौघेजण मेल्यावर गप्प राहून माझा खेळ बघत होते. मी शिफ्ट दाबून भिंतीला लागून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय वाजत नव्हता. काही ऐकू येईना. पंख्याचासुद्धा आवाज नको म्हणून मी तो बंद केला होता. घाम कानामागनं मानेवर उतरत होता.

आणि ऐकू आलं. डावीकडनं, थोडं मागनं, थोडं खालनं. एक पाऊल. मग दुसरं. करकर, करकर. कुणीतरी लाकडावरनं चढून वर येत होतं. इतकं नीट, इतकं वेगळं की पावलं मोजता यावीत. डावा जरा कमी वाजत होता. मी डावीकडं गर्रकन वळलो आणि सगळी फैर झाडली.

तिथं भिंत होती. शत्रूनं समोरनं येऊन सावकाश माझ्या डोक्यात एक गोळी घातली.

"मामा!" भाचा किंचाळला. "तिकडं कुणी न्हवतं की!"

"होतं," मी म्हणालो.

दारात आबा उभे होते, हातात दुधाचा पेला घेऊन, पायात कापशी. मी हेडफोन गळ्यात उतरवला आणि हात जोडून म्हणालो, "आबा, रात्रीचं तेवढं पायताण जिन्याखाली काढून वर येत जावा की."

आबांनी पेला टेबलावर ठेवला.

"का म्हणून? आवाजाचे वेगळे पैसे दिल्यात."